वाढलेलं म्हणजे उरलेलं

सर, तुम्ही म्हणता लहानपणापासून सांगा, तर लहानपणापासून सांगतो, पण मला जे सांगायचंय ते एकाच दिवसाचं आहे. बाकीचं सगळं म्हणजे त्या दिवसापर्यंत यायची वाट. मधेच मी भरकटलो तर भरकटू द्या, मला सरळ बोलता येत नाही, आणि या गोष्टीबद्दल तर नाहीच येत.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, बुराई नदीच्या काठचं. माझा बाप वाढपी होता. तुम्ही म्हणाल हा काय धंदा झाला का, तर धंदा नव्हताच, मोलमजुरी हाच धंदा, पण पंचक्रोशीत कुठं लग्न असो, उत्तरकार्य असो, वरण-बट्टीची पंगत बसली की माणसं म्हणायची, अरे तुकारामला बोलवा, वरण वाढायला तुकारामच पाहिजे. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात पळी, आणि दोनशे माणसांच्या पंगतीतून वाकून चालायचा, एक थेंब कुणाच्या अंगावर सांडायचा नाही. मला सांगायचा, पोऱ्या, वाढणं हे पुण्य आहे. आणि एक सांगायचा, भांड्याचा तळ पंगतीला दिसू द्यायचा नाही. तळ दिसला की जेवणाऱ्याचा हात आखडतो, घराची बरकत जाते. बादलीत थोडं असतानाच वरून नवं ओतायचं. हे मी त्याच्याकडून शिकलो आणि मला वाटायचं की यापेक्षा चांगलं काही बापानं मला दिलेलं नाही.

सुरतेला मला सुपडूनं आणलं. सुपडू माझ्या गावचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आमच्याकडे घरोघर सुपडू नावाचे असतात, जगत नसलं की पोर सुपात घालून ओवाळतात, त्यातला हा. पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये होता. म्हणाला, चाल भो, इथं काय ठेवलंय. मी गेलो. सात-आठ वर्षं मीही कापड रंगवायच्या मशीनवर काढली, बारा बारा तासांची पाळी, घरी आलो तरी नखं निळी, थुंकी निळी. मग त्या वाफेनं दम लागायला लागला, डॉक्टर म्हणाला मिल सोड नाहीतर छाती सोडेल. तेव्हा वंदनाच्या आईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सुपडूला आणि त्याच्या खोलीतल्या दोघांना भाकरी करून द्यायला सुरुवात केली होती. तिघांचे दहा झाले, दहाचे वीस. भाड्यानं एक पत्र्याचा गाळा घेतला आणि खानावळ झाली.

काय सांगू तुम्हाला, त्या खानावळीचा मला केवढा अभिमान. सगळी आमच्याकडची एकटी माणसं, शिरपूर, साक्री, नंदुरबार, अमळनेर, बायका-पोरं गावाला आणि हे इथं एका खोलीत आठ-आठ. पांडेसऱ्यात गुजराती बोलायची गरजच पडत नाही बघा, चहावाला आपला, न्हावी आपला, मिलमधला मुकादम आपला. मला गुजराती म्हणजे केम छो आणि केटला, एवढंच. माणसं दारातून आत आली की अहिराणीत ओरडायची, नाना, काय शे आज? आणि मी म्हणायचो वरण शे, भात शे, वांगानी भाजी शे, बसा. मी स्वतः वाढायचो. शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हातात पळी दिली नाही.

आणि स्वच्छता. सर, मी दोन वेळा आंघोळ करून चुलीपाशी जायचो. उष्ट्याच्या बाबतीत तर मी इतका कडक होतो की माणसं मला हसायची. पेल्याला ओठ लावून कुणी पाणी प्यायलं तर तो पेला मी बाजूला काढायचो. ताटात टाकलेल्या भाकरीचा तुकडा कुणी न शिवता ठेवला तरी तो परत टोपलीत नाही, सरळ म्हशीवाल्याच्या पिपात. एकदा एकानं भाजी जास्त झाली म्हणून जेवायच्या आधीच वाटी मला परत दिली, तर मी ती त्याच्या देखत ओतून दिली. तो म्हणाला, नाना, मी बोट बी लावलं नाही. मी म्हटलं, वाढलं ना? मग झालं. वाढलेलं परत नाही. ह्याच शब्दात म्हटलं. वाढलेलं परत नाही.

पण वरणाचं तपेलं. त्याला कुणाचा हात लागत नव्हता, पळीशिवाय काही शिवत नव्हतं, मग ते कसलं उष्टं? ते पंगतीचं भांडं. त्यात जे उरायचं ते मी झाकून ठेवायचो आणि सकाळी त्यावर नवं वरण ओतायचो, वरून फोडणी. कधी चार पळ्या उरायचं, कधी अर्धं तपेलं. बापाची शिकवण, तळ दिसू द्यायचा नाही. आणि खोटं कशाला बोलू, चव यायची. माणसं म्हणायची, नाना, तुझ्या वरणाला जुनी चव आहे. जुनी! आता ते आठवलं की मान खाली जाते माझी.

मग प्लेगचं वर्ष आलं. ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही इथंच होता. सगळी सुरत गाड्या भरभरून पळाली, आम्हीही पळालो, महिन्याभरानं परत आलो तर गाव धुवून काढल्यासारखं, गटारीवर पांढरी पावडर, कचऱ्याच्या गाड्या, आणि खाण्यापिण्याच्या जागा तपासायला माणसं फिरायला लागली. आमच्याकडे एक साहेब आले. वयस्कर, चष्मा, हातात वही, बोलायला गोड. आत गेले, पाण्याची टाकी पाहिली, मोरी पाहिली, सगळीकडे मान हलवली. जाता जाता मला म्हणाले, जुओ भाई, वधेलुं पाछुं नहीं आपवानुं.

मला वाटलं, साहेब म्हणतायत वाढलेलं परत देऊ नका. मला जरा रागच आला. मी म्हटलं, साहेब, हमारे यहां वाढलेला कभी वापस नहीं देते, बाप की कसम. ते हसले, म्हणाले, तो एक बोर्ड लगा दो, लोगों को भी मालूम पडे.

दुसऱ्या दिवशी मी पेंटरकडून पाटी करून आणली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. येथे वाढलेले अन्न पुन्हा दिले जात नाही. साहेब पुढच्या वेळी आले, चष्मा वर करून अक्षर अक्षर लावून वाचलं, वा-ढ-ले-ले, आणि खूश झाले. माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पण खूश. एकच पाटी, सर, आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर खूश.

आता इथपर्यंत ही चूक होती. अडाणी माणसाची चूक म्हणा. इथं माझी गोष्ट थांबली असती तर मी तुम्हाला हसत हसत सांगितली असती.

वंदना माझी मुलगी. तिला आम्ही गुजराती शाळेत घातलं होतं, जवळ ती एकच. पाचवीत होती. दुपारची शाळेतून येऊन पाटीखाली बसून अभ्यास करायची. एक दिवस मला म्हणते, बाबा, तुम्ही पाटीवर हे काय लिहिलंय? मी म्हटलं, काय लिहिलंय, वाच की. ती म्हणाली, वधेलुं म्हणजे उरलेलं. आमच्या शाळेतल्या बेन म्हणतात, डब्यातलं वधेलुं गायीला घाला. साहेबांनी तुम्हाला उरलेलं देऊ नका सांगितलंय. मग आपण वरण का ठेवतो?

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, अगं हात्तीच्या, बघ कशी गंमत झाली. भाकरी थापता थापता वंदनाच्या आईचा हात थांबला. ती कमी बोलते. एवढंच म्हणाली, मग एक तर पाटी काढा, नाहीतर वरण टाका.

मी दोन्ही केलं नाही.

हे लिहा, सर. दोन्ही केलं नाही. वरण टाकणं म्हणजे बरकत टाकणं वाटायचं, आणि पाटी काढली तर साहेब विचारतील का काढली. मी मनात म्हटलं, बारा वर्षं कुणाला काही झालं नाही, आपण उकळी तर आणतोच. त्या दिवसापर्यंत ती पाटी चूक होती, त्या दिवसापासून ते खोटं होतं, आणि फरक माझ्याशिवाय घरातल्या दोघींनाच माहीत होता. वंदनानं नंतर पाटीखाली बसणं सोडलं. मोरीच्या बाजूला बसायला लागली. का, ते मी विचारलं नाही.

आता गोदाबाईचं सांगतो. गोदाबाई परभणीकडची. नवरा बांधकामावर पडून गेला होता. आमच्या दाराच्या उजव्या हाताला निंबाखाली तिची ताकाची हातगाडी. दोन माठ, वर ओलं फडकं, जिरं-मीठ घातलेलं ताक. जेवून उठलेला माणूस पहिला तिच्याकडे जायचा. माणसांशी तिचं बोलणं असं, की सुपडू म्हणायचा, बाई, ताकात पाणी किती? ती म्हणायची, तुपल्या मिलच्या रंगापेक्षा कमीच हाय, पी गप. माझ्या बायकोशी तिचं जमायचं. माझ्या मोरीपाशी माठ धुवायला यायची तर आधी मोरी घासायची, मग माठ. मला म्हणायची, नाना, तुमच्या मोरीला वास येतो. मी म्हणायचो, बाई, खानावळीची मोरी आहे, देवघर नाही.

मग ती आखाजी आली. अक्षय तृतीया. तुम्हाला माहीत आहे आखाजी म्हणजे आम्हा खान्देशी लोकांची काय असते, दिवाळी एकीकडे आणि आखाजी एकीकडे. पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांची घागर भरतात. मिलमधून ज्याला सुटी मिळाली तो पळाला, ज्याला नाही मिळाली तोही पळाला. आदल्या दिवशी मी रोजच्यासारखं साठ माणसांचं वरण टाकलं आणि जेवायला आले वीस. न सांगता दुपारच्या गाडीनं गेले सगळे. पाऊण तपेलं उरलं. वैशाखातलं ऊन, वर पत्रा, आत चुली. मी झाकण घालून ठेवलं.

आखाजीच्या सकाळी पुरणाची डाळ शिजवली, तिचा कट काढला, आणि तो कट त्या वरणात ओतून रशी केली. वरून लाल फोडणी, गरम मसाला, खोबरं. थोडा आंबूस वास आला होता. आला होता, सर. मी चिंच कमी घातली.

त्या रशीचा पहिला घास मी माझ्या बापाच्या नावानं आगारीत टाकला. निखाऱ्यावर. पुरणपोळी, भात, आमरस आणि ती रशी. हात जोडले. म्हटलं, बापा, जेव.

मग पंगत बसली. तेरा जण होते, गावी जाऊ न शकलेले. सुपडू होता. घर आठवून गप्प गप्प बसलेली माणसं, त्यांना मी आग्रह करून करून वाढलं. घे रे, अजून घे, तुझ्या आईनं वाढलं असतं तसं समज. सुपडूनं रशीच्या तीन वाट्या घेतल्या. मी, बायको, वंदना मागून जेवणार होतो, पण बायकोनं वंदनाला रशी दिली नाही, नुसता रस आणि पोळी दिली. मी ते पाहिलं. आणि आमच्या वाटणीची रशीही पंगतीतच वाढून टाकली.

दिवस मावळायच्या आत सुरू झालं. आधी एक जण गटारीवर वाकलेला दिसला, मग दुसरा. सुपडू चाळीच्या पायरीवर बसून ओकत होता, पोटात गोळे, अंग गार. आम्ही रिक्षा, टेंपो, मिळेल ते करून सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. बाकीचे दोन-तीन दिवसांत उठले. सुपडू उठेना. लघवी होईना, डोळे आत गेले, मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण आताच काही सांगता येत नाही. मी खाटेपाशी बसून होतो. देवाला म्हणत होतो, याला वाचव, मी सगळं सांगतो. अशी बोली केली होती मी.

सुपडू वाचला. पाचव्या दिवशी डोळे उघडून म्हणाला, नाना, पाणी दे. आणि त्याच दिवशी ते साहेब वही घेऊन आले.

साहेबांनी विचारलं, शुं खाधुं हतुं? काय खाल्लं होतं? सुपडूनं माझ्याकडे पाहिलं. नळी लावलेला हात, ओठ फाटलेले. माझ्याकडे पाहून तो साहेबांना म्हणाला, खानावळीचं तर रोजचं खातो साहेब, नानाच्या हातचं खाऊन कुणी आजारी पडत नाही. बाहेर ताक प्यायलो होतो. दाराजवळच्या गाडीवर.

आता तुम्ही ऐका. पुरणपोळी आणि रस खाल्लेला माणूस वरून ताक पितो का? कुणीच पीत नाही. त्या दिवशी त्या तेरातला एकही माणूस गोदाबाईच्या गाडीकडे गेला नव्हता, ती बिचारी तासभर थांबून, आज काही खपत नाही म्हणत गाडी घेऊन गेली होती. मला माहीत होतं, सुपडूला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. साहेब वहीत लिहीत होते, पेनाचा आवाज ऐकू येत होता, आणि मी माझ्या बोलीकडे, त्या सगळं सांगतोकडे, पाठ करून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी साहेब चौकशीला आले, तेव्हा बाकीचे बारा जण पाळीवर होते. आत येऊन पाटीकडे बघितलं, म्हणाले, इनका तो सवाल ही नहीं. मग निंबाखाली गेले. गोदाबाई म्हणाली, साहेब, त्या दिवशी ह्या लोकांनी मपलं ताक घेतलंच नाही. त्यांच्या पंगतीला रस होता, रसावर ताक कोण पितं? ती वळली आणि मला म्हणाली, नाना, तुम्ही सांगा की. तुम्ही होता ना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वंदनाची आई आत चुलीपाशी होती.

मी म्हटलं, मी आत वाढत होतो बाई, बाहेरचं मला काय ठाऊक.

यातला शब्द न् शब्द खरा होता, सर. मी आत वाढतच होतो.

गाडी उचलून नेली. साहेबांची त्यात काय चूक, त्यांना जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं. माठ तिनं स्वतः उतरवून घेतले, ताक गटारीत ओतलं आणि माठ घेऊन चालत गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. वस्तीतल्या बायका नळावर म्हणायला लागल्या, बाई, तिचे माठच तसे, बर्फ कुठला घालायची देव जाणे. चार-आठ दिवसांत खोली सोडून गेली. कुणी म्हणालं सुरतेबाहेर कडोदऱ्याला गेली.

त्या दिवसापासून मी वरण ठेवलं नाही. रोज तपेलं घासून उपडं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, उकळून जंतू मरतात पण त्यांनी सोडलेलं विष मरत नाही, ते दिसत नाही, कधी वासही येत नाही. मी म्हटलं, वास आला असेल तर? डॉक्टर म्हणाले, मग तर प्रश्नच नाही ना. तर वरण बंद झालं, पाणी उकळून, नखं कापून, सगळं पाटीसारखं झालं. आणि मग काय झालं ऐका, साहेब आजूबाजूच्या दोन-तीन हॉटेलवाल्यांना घेऊन माझ्याकडे आले. त्यांना पाटी दाखवली. म्हणाले, आ माणस पासे शीखो. ह्या माणसाकडून शिका. मी हात जोडून उभा. बायको आतून बघत होती. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, चहा टाक. ती म्हणाली, तुमच्या हातानं टाका.

वर्षभर काढलं मी असं. सुपडू बरा झाला पण पहिल्यासारखा नाही, मिलमध्ये हलकं काम दिलं त्याला. रोज जेवायला यायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा. एकदा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, सुपडू, मी खरं सांगणार आहे. तो तापला. म्हणाला, सांग, सांग ना. तू पुण्यवान व्हशी अन मी खोटारडा ठरसू. तुनासाठे मरता मरता खोटं बोलनू मी, ते तू रस्त्यावर मांडशी? मी म्हटलं, पण त्या बाईचं काय? तो म्हणाला, ती काय आपली लागे? हे बोलला आणि स्वतःचंच वाक्य स्वतःला नको झाल्यासारखा तोंड फिरवून उठून गेला.

पुढची आखाजी आली. पुन्हा निखारे, पुन्हा ताट. बापाच्या नावानं घास उचलला आणि हात पुढे जाईना. तसाच उठलो, पंगतीत आलो, पंचवीस-तीस माणसं बसलेली, आणि उभ्यानं सगळं सांगून टाकलं. पाटीचं, वंदनानं सांगितलेलं, आंबूस वास, चिंच कमी घातलेली, दवाखाना, गोदाबाई. सुपडूचं नाव घेतलं नाही, पण लोकांना काय कळत नाही का. मला वाटलं ताटं फेकून मारतील. एक जण उठून गेला. दुसरा म्हणाला, थू तुझ्यावर, नाना. मग मागून कुणीतरी म्हणालं, आज ताजं आहे ना? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, मग वाढ, भूक लागली आहे. आणि सगळे जेवले. मला शिव्या चालल्या असत्या, सर. ते जेवणं नाही सहन झालं.

सुपडू तेव्हापासून दुसरीकडे जेवतो. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, भो म्हणत नाही.

मग मी साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेब बदलून गेले होते. नवा माणूस चांगला होता, त्यानं बसायला सांगितलं, ऐकून घेतलं. म्हणाला, काका, ते प्रकरण बंद झालं. त्या बाईकडे परवाना नव्हता, गाडी तशीही उचललीच असती. आता तुमच्याकडे सगळं बरोबर आहे ना? मग कशाला उकरून काढता? मी म्हटलं, तिच्यावर चुकीचं लिहिलं गेलंय, ते खोडा. तो म्हणाला, तसं खोडता येत नाही. मी पायऱ्या उतरलो. इतके दिवस मला वाटायचं खरं बोलायला हिंमत लागते. हिंमत करून गेलो तर ते खरं ठेवायला कुठं जागाच नव्हती.

मग राहिलं कडोदरा. दोन रविवार हिंडलो तेव्हा सापडली. सांच्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमागं पत्र्याची खोली, दारात बसून कांड्या भरत होती, सूत गुंडाळत होती. आत सांच्यांचा एवढा आवाज की ओरडून बोलावं लागतं. मी वर्षभर मनात जुळवलेलं, हलक्या आवाजात सांगायचं असं ठरवलेलं, ते सगळं मला ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या बायका ऐकत होत्या. ती कांडी भरत ऐकत राहिली. संपल्यावर आत गेली, पेला भरून आणला, माझ्या हातात दिला. म्हणाली, प्या नाना. उकळलेलं हाय.

मी प्यायलो. ओठ न लावता वरून प्यायची माझी सवय, पण त्या दिवशी निम्मं सदऱ्यावर सांडलं.

मी म्हटलं, बाई, माझ्या दारात परत गाडी लाव. जागा तुझी आहे, मी सगळ्यांना खरं सांगितलंय. ती म्हणाली, सांगितलं तव्हा काय केलं लोकांनी? मी म्हटलं, जेवले. ती हसली. पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, नको भाऊ. म्या परत तिथं उभी राह्यले तर लोक म्हणतील, नाना मोठ्या मनाचा, माफ केलं हिला. मला नको ती माफी.

तिच्या बोटांवर सुतानं पडलेल्या चिरा होत्या, त्या बघत बसलो. निघताना म्हटलं, राग आहे का? तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, रागाला वेळ कुठं हाय, ह्या टोपलीभर कांड्या व्हायच्यात.

तर असं आहे, सर. वंदना आता नववीत आहे, हुशार आहे, माझ्याशी नीट बोलते, पण माझ्या हातचं जेवताना आधी वास घेते. मुद्दाम नाही घेत, तिला कळतसुद्धा नाही. बायकोनं मला कधी टोचून बोललेलं नाही. खानावळ चालते, पहिल्याइतकी माणसं नाहीत, जी आहेत त्यांना देव सुखी ठेवो. दवाखान्यात केलेली बोली मी उशिरा फेडली, आणि उशिरा फेडलेलं फेडल्यात धरतात की नाही ते मला माहीत नाही. गोदाबाईचं आडनावसुद्धा मला माहीत नाही, इतकी वर्षं ती दारात उभी होती, विचारलंच नाही. तुम्ही हे सगळं शुद्ध करून लिहाल, माझ्या बोलण्यातलं इकडचं तिकडचं गाळाल, गाळा. पण एक वाक्य आहे तसं ठेवा, कारण त्या कचेरीत ते कुणी लिहून घेतलं नाही. लिहा, गोदाबाईचं ताक चांगलं होतं.